सिरियल उपकरण नेटवर्कवर: वायरीवर नक्की कोण बोलतंय?

एका ठिकाणी ऊर्जा मीटरचं रीडिंग मधूनमधून गळायचं. दहा वेळा विचारलं की आठ वेळा बरोबर उत्तर, दोन वेळा सीआरसी (संदेश शाबूत पोचला का ते ताडणारे शेवटचे बाइट) चुकलेला. आम्ही केबल बदलली. मग टोकाचा रेझिस्टर बदलला. मग मीटरची सिरियल वायर नेटवर्कला जोडणारा अख्खा कन्व्हर्टरच बदलला आणि नव्याला जुन्याचाच आयपी पत्ता दिला. गळती तशीच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कुणीतरी सहज कन्व्हर्टरच्या वेबपानावर चालू जोडण्यांची यादी उघडली, तर तिथे दोन पत्ते. एक आमच्या सर्व्हरचा. दुसरा कधीतरी चाचणीसाठी लावलेल्या आणि टेबलाखाली विसरून गेलेल्या संगणकाचा. तोही दर काही सेकंदांनी त्याच मीटरला प्रश्न विचारत होता, आणि दोघांचे प्रश्न एकाच वायरीवर एकमेकांत मिसळत होते. चोर सोडून संन्याशाला फाशी, तशी आम्ही दोन दिवस केबलला फाशी देत होतो.

हा बिघाड होता की सुरक्षेतलं भगदाड? दोन्ही. म्हणून या लेखात दोन्ही विषय एकत्रच घेतले आहेत. सिरियल पोर्टला 'समोर कोण आहे' हा प्रश्नच पडत नाही. आरएस-२३२ हे सिरियल वायरीचं मानक १९६० सालचं, मॉडबस ही अशा उपकरणांशी बोलायची भाषा १९७९ ची. त्या काळी वायरीचं दुसरं टोक ज्याच्या हातात असेल तो माणूस बहुधा त्याच इमारतीत असायचा. खोलीचं कुलूप हाच पासवर्ड. कन्व्हर्टर लावून आपण ती वायर नेटवर्कवर आणली की खोलीही गेली आणि कुलूपही गेलं. उपकरणाला मात्र याची गंधवार्ता नसते. जो बोलेल त्याचं ते ऐकतं.

डब्यात काय चाललंय

सिरियल-इथरनेट कन्व्हर्टर किंवा सिरियल डिव्हाइस सर्व्हर (पुढे नुसतं 'डबा' म्हणतो) एका बाजूने बाइट घेतो आणि दुसऱ्या बाजूने टीसीपी किंवा यूडीपी (नेटवर्कवरून माहिती नेण्याच्या दोन पद्धती) पॅकेटमध्ये भरून पाठवतो. तो कोणत्या मोडमध्ये आहे हे माहीत नसताना बिघाड शोधायला बसू नका.

टीसीपी सर्व्हर मोडमध्ये डबा एका पोर्टवर वाट पाहत बसतो आणि जो येईल त्याचे बाइट जसेच्या तसे सिरियल बाजूला ढकलतो. टीसीपी क्लायंट मोडमध्ये तो स्वतःहून ठरलेल्या सर्व्हरकडे जातो. व्हर्च्युअल कॉम मोडमध्ये संगणकावर एक ड्रायव्हर बसवतात आणि जुन्या सॉफ्टवेअरला वाटतं की पोर्ट आपल्याच मशीनवर आहे. आरएफसी २२१७ हा त्याचाच खुला, १९९७ सालचा प्रकार. त्यात टेलनेट या जुन्या दूर-लॉगिन पद्धतीच्या आधाराने बॉड रेट, म्हणजे वायरीवरचा वेग, आणि पॅरिटी, म्हणजे चूक ओळखणारा जादा बिट, हेसुद्धा दुरून बदलता येतात.

आणि पाचवा, मॉडबस गेटवे मोड. इथे फार लोक फसतात. मॉडबस आरटीयूच्या, म्हणजे सिरियल वायरीवरच्या मॉडबसच्या, फ्रेमला (एका संदेशाला) शेवटी दोन बाइटचा सीआरसी असतो. नेटवर्कवरच्या मॉडबस टीसीपीमध्ये सीआरसी नसतो, त्याऐवजी पुढे सात बाइटचं शीर्ष असतं. गेटवे या दोन भाषांमध्ये भाषांतर करतो. साधा टीसीपी सर्व्हर मोड भाषांतर करत नाही, तो फक्त टपाल पोचवतो. म्हणजे सॉफ्टवेअर मॉडबस टीसीपी बोलतंय आणि डबा साध्या मोडमध्ये आहे, अशी जोडी असेल तर टीसीपी जोडणी झोकात होईल, दिवे लुकलुकतील आणि उत्तर कधीच येणार नाही. 'सगळं जोडलेलं दिसतंय पण मीटर गप्प' ही तक्रार आली की मी सगळ्यात आधी हेच बघतो.

आधी कागद

प्रत्येक डब्यासाठी एक ओळ लिहून काढा. सिरियल बाजूचं: आरएस-२३२ की ४८५, बॉड रेट, डेटा बिट, पॅरिटी, स्टॉप बिट, फ्लो कंट्रोल (पाठवणाऱ्याला थांबवण्याची सोय), उपकरणाचा पत्ता. नेटवर्क बाजूचं: आयपी, मॅक पत्ता (हार्डवेअरचा स्वतःचा पत्ता), मोड, पोर्ट क्रमांक, फर्मवेअर आवृत्ती. आणि शेवटचा रकाना, जो जवळजवळ कुठेच नसतो: या डब्याशी बोलायचा अधिकार नेमक्या कोणत्या संगणकांना आहे. हा रकाना भरताना दोन माणसांची दोन उत्तरं आली, तर तुमचं निम्मं काम तिथेच सापडलं. पुढे फायरवॉलचे नियम याच रकान्यावरून लिहायचे आहेत.

डब्याच्या अंगावर आयपी आणि पोर्ट लिहिलेली चिठ्ठी चिकटवा. पासवर्ड लिहू नका. सांगायला लागू नये, पण चिकटवलेले पासवर्ड मी पाहिलेत.

साखळी मधोमध तोडा

सॉफ्टवेअर, ड्रायव्हर, नेटवर्क, डबा, वायर, उपकरण अशी साखळी असते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाचपडत जाण्यापेक्षा ती डब्यापाशी तोडा. आधी ठरवा, दोष सिरियल बाजूला आहे की नेटवर्क बाजूला. ते ठरेपर्यंत एकही सेटिंग बदलायचं नाही. दोन्ही बाजूंची सेटिंग एकाच वेळी बदलणारा माणूस मूळ दोषासोबत आणखी एक दोष पेरतो, आणि मग दोघे मिळून त्याला रात्रभर जागवतात.

सिरियल बाजूची परीक्षा अशी: डबा बाजूला ठेवा आणि यूएसबी-सिरियल अडॅप्टरने लॅपटॉप थेट उपकरणाला जोडा. पुटी, मिनिकॉम किंवा मॉडबस तपासणारं एखादं साधं सॉफ्टवेअर चालेल. इथे उत्तर आलं तर उपकरण आणि त्याची सेटिंग निर्दोष. नाही आलं तर नेटवर्कवाल्यांना फोन करायची गरज नाही.

नेटवर्क बाजूची परीक्षा: उपकरण काढा आणि डब्याच्या नऊ पिनी कनेक्टरवर पिन २ आणि ३ एकमेकांना जोडा. आता नेटवर्कवरून पोर्टला जोडून काही टाइप करा. टाइप केलेलं परत आलं तर डबा, नेटवर्क आणि मोड ठीक. फक्त टर्मिनलचा लोकल एको बंद आहे ना ते बघा, नाहीतर स्वतःचाच आवाज ऐकून समाधान मानाल. दोन वायरींच्या आरएस-४८५ वर ही युक्ती चालत नाही. तिथे दुसऱ्या टोकाला अडॅप्टर लावलेला लॅपटॉप बसवावा लागतो.

सिरियल बाजू: मल्टिमीटर आधी, तर्क नंतर

आरएस-२३२ मध्ये काही पाठवलं जात नसताना पाठवणारी पिन ऋण व्होल्टेजवर असते. मानक उणे ३ ते उणे १५ व्होल्ट सांगतं. व्यवहारात उणे ५ ते उणे १२ च्या आसपास दिसतं. काळी तार पिन ५ वर ठेवा, लाल तार आधी पिन ३ वर आणि मग २ वर. ज्या पिनवर ठाम ऋण व्होल्टेज दिसतं, ती त्या उपकरणाची पाठवणारी पिन. संगणकाच्या बाजूला ती ३ असते, मोडेमसारख्या उपकरणाला २. दोन्ही टोकांना पाठवणारी पिन एकच निघाली तर क्रॉस केबल हवी, वेगवेगळी असेल तर सरळ केबल. 'नल मोडेम हवा की साधी केबल' हा वाद एका मिनिटात मिटतो.

आरएस-४८५ ची प्रकृती निराळी. १९८३ साली आलेल्या या मानकात संकेत दोन वायरींमधल्या फरकावर चालतो. म्हणून तो साधारण १२०० मीटरपर्यंत जातो आणि एका लाइनवर ३२ प्रमाणित भार सोसतो. पण ए आणि बी या नावांवर भरवसा ठेवू नका. मानकातली ए-बी आणि बऱ्याच चिप उत्पादकांची ए-बी एकमेकांच्या उलट आहेत, त्यामुळे दोन कंपन्यांची उपकरणं जोडताना 'ए ला ए' लावूनही उलटं लागू शकतं. वायरी अदलाबदल करून बघा, त्याने काही जळत नाही.

वीज बंद करून ए आणि बी मधला रेझिस्टन्स मोजा. दोन्ही टोकांना (संकेत टोकावरून परत फिरू नये म्हणून) १२० ओहमचे रेझिस्टर असतील तर सुमारे ६० ओहम दिसायला हवेत. १२० दिसले तर एक गायब आहे. ४० दिसले तर कुणीतरी मधल्या उपकरणातही तिसरा चालू करून ठेवलाय. डब्यांमध्ये हा रेझिस्टर छोट्या स्विचवर असतो आणि तो हौसेने चालू केला जातो. मग वीज चालू करा, कुणी बोलत नसताना ए-बी मधलं व्होल्टेज बघा. ते २०० मिलिव्होल्टपेक्षा कमी असेल तर रिसीव्हरला शून्य की एक ते ठरवता येत नाही आणि रिकाम्या लाइनवरही भुताटकीसारखे बाइट उगवतात. त्यावर उपाय म्हणजे रिकाम्या लाइनला ठाम व्होल्टेज देणारे बायस रेझिस्टर, तोही लाइनवर एकाच ठिकाणी. तिसरी संदर्भ वायर, म्हणजे ग्राउंड, वगळू नका. 'दोनच वायरी लागतात' हे सांगणारा माणूस उणे ७ ते अधिक १२ व्होल्टची कॉमन मोड मर्यादा (ग्राउंडच्या तुलनेत दोन्ही वायरींवर चालणारं व्होल्टेज) विसरलेला असतो. दोन इमारतींमध्ये लाइन जात असेल तर आयसोलेशन (दोन्ही बाजू विजेने अलग ठेवण्याची सोय) असलेला डबाच घ्या. आणि लाइन एका उपकरणावरून दुसऱ्यावर अशी ओळीने न्या. झाडाच्या फांद्यांसारखी पसरवली की परावर्तनं सुरू होतात.

सेटिंगची चूक अक्षरांवरूनही ओळखता येते. सगळाच कचरा येत असेल तर बॉड रेट. काही अक्षरं बरोबर आणि जवळपास निम्मी विचित्र असतील तर उपकरण सात डेटा बिट आणि पॅरिटीवर आहे आणि तुम्ही आठ बिट, बिनपॅरिटीवर ऐकताय. दोन्हींचे एकूण बिट सारखेच होतात, त्यामुळे फ्रेमिंगची चूक नोंदली जात नाही, आणि म्हणूनच हा दोष लपून राहतो. मॉडबसच्या मानकात मूळ सेटिंग १९२०० बॉड आणि सम पॅरिटी आहे, पण बाजारातली कितीतरी उपकरणं ९६०० आणि बिनपॅरिटी अशी येतात. कागद बघा, अंदाज नको.

नेटवर्क बाजू

पिंग लागतो म्हणजे डबा जिवंत आहे, एवढंच. त्यापुढे पोर्टला टीसीपी जोडणी करून बघा. तीनपैकी एक गोष्ट होईल. जोडणी झाली तर पुढच्या भागाकडे जा. जोडणी ताबडतोब नाकारली गेली तर नकार बहुधा डबाच देतोय: पोर्ट क्रमांक किंवा मोड चुकलाय, नाहीतर पोर्ट आधीच कुणीतरी अडवलाय. (काही डबे जोडणी स्वीकारून लगेच तोडतात, अर्थ तोच.) आणि बराच वेळ काहीच न होता वेळ संपली, तर मधली फायरवॉल किंवा चुकीचा पत्ता.

पिंग कधी लागतो, कधी नाही, असं असेल तर एकच आयपी दोघांना दिला गेलाय का ते तपासा. एआरपी तक्त्यातला (संगणकाकडच्या आयपी-मॅक जोड्यांच्या यादीतला) मॅक पत्ता कागदावरच्या नोंदीशी जुळतो का, बघा. शेजारच्या संगणकावरून चालतं पण दुसऱ्या व्हीलॅनवरून (नेटवर्कच्या अलग केलेल्या भागावरून) नाही, तर डब्यात डिफॉल्ट गेटवे, म्हणजे दुसऱ्या भागाकडे नेणाऱ्या राउटरचा पत्ता, भरायचं राहिलंय. हे नेहमीचं.

दोन्ही बाजू ठीक, तरी काम होत नाही

सगळ्यात रंजक दोष इथे राहतात, कारण इथे दोन्हीकडचे लोक 'आमच्याकडे सगळं ओके' असं सांगतात आणि ते खरंही असतं.

पहिला, वेळेचा हिशेब. ९६०० बॉडवर एक बाइट जायला साधारण १.०४ मिलिसेकंद लागतात. १०० रजिस्टर (मीटरमधले आकड्यांचे दोन-दोन बाइटचे कप्पे) मागवलीत तर मॉडबस आरटीयूचं उत्तर २०५ बाइटचं होतं, म्हणजे नुसतं वायरीवरून यायलाच सुमारे २१३ मिलिसेकंद. त्यात उपकरणाचा विचार करायचा वेळ आणि नेटवर्कचा वेळ वेगळा. सॉफ्टवेअरमध्ये टाइमआउट २०० मिलिसेकंद असेल तर उत्तर येण्याआधीच दुसरा प्रश्न जातो, पहिलं उत्तर दुसऱ्याचं समजलं जातं आणि तिथून पुढे सगळंच एक घर सरकलेलं. दहा रजिस्टर मागवली की चालतं, शंभर मागवली की बिघडतं, हे याचं लक्षण. टाइमआउट एक सेकंद ठेवा आणि मग हळूहळू कमी करा.

दुसरा, तुकडे. मॉडबस आरटीयूमध्ये फ्रेम संपल्याची खूण म्हणजे साडेतीन अक्षरांची शांतता. ९६०० वर ती साधारण चार मिलिसेकंद. १९२०० च्या वर मानक सरळ १.७५ मिलिसेकंद धरायला सांगतं. टीसीपीला अशी शांतता माहीतच नाही. डबा एक उत्तर दोन पॅकेटमध्ये तोडू शकतो किंवा दोन उत्तरं एका पॅकेटमध्ये कोंबू शकतो. डब्याच्या सेटिंगमध्ये 'किती मिलिसेकंद शांतता झाली की पॅकेट पाठवायचं' असा रकाना असतो. तो शून्य ठेवला तर तुकडे पडतात, फार मोठा ठेवला तर उशीर होतो. ९६०० साठी मी पाच ते दहाच्या दरम्यान सुरुवात करतो. वजनकाट्यासारखी उपकरणं ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न पाठवतात. तिथे वेळेपेक्षा ते अक्षर हीच पॅकेटची हद्द ठरवणं केव्हाही बरं.

तिसरा दोष फार सुंदर आहे. ठरावीक आकडे आले की सीआरसी चुकतो, बाकी दिवसभर सुरळीत. टेलनेटमध्ये २५५ या किमतीचा बाइट आज्ञेची खूण आहे, त्यामुळे माहितीत २५५ आला की तो दोनदा पाठवला जातो. डबा टेलनेट किंवा आरएफसी २२१७ मोडमध्ये आणि सॉफ्टवेअर साध्या टीसीपीवर, असं असेल तर ज्या उत्तरात २५५ असेल तेवढंच एका बाइटने लांब होतं. ऋण संख्या पाठवणाऱ्या मीटरवर हे हमखास दिसतं, कारण लहान ऋण संख्येचा वरचा बाइट २५५ असतो. तापमान शून्याखाली गेलं की लाइन बंद पडते, अशी तक्रार आली तर हसू नका, मोड बघा.

याचाच भाऊ म्हणजे सॉफ्टवेअर फ्लो कंट्रोल. एक्सऑन-एक्सऑफ चालू असेल तर १७ आणि १९ या किमतीचे बाइट डबा खाऊन टाकतो, आणि १९ आला की पाठवणंच थांबवतो. द्विमान (बायनरी) माहितीच्या लाइनवर ते बंदच हवं.

हे सगळं पाहायला वायरशार्क (नेटवर्कवरची पॅकेटं दाखवणारं सॉफ्टवेअर) लावा आणि डब्याच्या पोर्टवर गाळणी करा. प्रश्न आणि उत्तरामधलं अंतर, पॅकेटची लांबी, आणि किती पत्ते बोलताहेत, या तीन गोष्टी दिसल्या की बहुतेक कोडी सुटतात. मॉडबस गेटवे असेल तर अपवाद कोडही (उत्तरात आलेला चुकीचा क्रमांक) बघा. ११ म्हणजे 'गेटवेला उपकरणाने उत्तर दिलं नाही', म्हणजे नेटवर्क बाजू सुटली, आता सिरियल बाजूला चला.

अडकून बसलेली जोडणी

संगणक अचानक बंद पडला किंवा मधली केबल निघाली तर डब्याला ते कळत नाही. त्याच्या लेखी जोडणी अजून चालू आहे, आणि पोर्ट एकालाच देत असेल तर संगणक परत आल्यावर त्याला 'जागा नाही' असं उत्तर मिळतं. मग कुणीतरी डब्याची वीज काढून लावतं आणि 'रीस्टार्ट केला की चालतो' असा लौकिक पसरतो.

उपाय टीसीपी कीपअलाइव्ह, म्हणजे समोरचा अजून आहे का अशी अधूनमधून घातलेली हाक. डब्यात ती एक-दोन मिनिटांवर ठेवा. संगणकाच्या बाजूने विसंबू नका, लिनक्सवर तिचा मूळ कालावधी ७२०० सेकंद, म्हणजे दोन तास आहे. निष्क्रियतेचा टाइमआउट (इतका वेळ कुणी बोललं नाही की जोडणी तोडायची) ही वेगळी गोष्ट आहे. उपकरण तासातून एकदाच बोलणारं असेल तर तो लहान ठेवून तुम्ही स्वतःच जोडणी तोडत बसाल.

दार बंद करणं

आता बंदोबस्त. याची गरज काय, हे पटत नसेल तर दोन घटना. २०१३ साली सुरक्षा संशोधक एच. डी. मूर यांनी इंटरनेट चाळून पाहिलं तेव्हा १,१४,००० हून अधिक सिरियल सर्व्हर उघड्यावर दिसले, आणि १३,००० हून अधिक ठिकाणी पासवर्डशिवाय थेट कन्सोल (उपकरणाला आज्ञा देण्याची जागा) हाती लागत होता. २३ डिसेंबर २०१५ ला युक्रेनमधल्या वीज वितरण कंपन्यांवर हल्ला झाला. सुमारे २,२५,००० ग्राहकांची वीज गेली. हल्लेखोरांनी ब्रेकर उघडून वीज तोडली आणि जाताना उपकेंद्रांमधल्या सिरियल-इथरनेट कन्व्हर्टरचं फर्मवेअर नासवून ठेवलं. दुरून आज्ञा देण्याचा रस्ताच संपला. माणसं उपकेंद्रांवर पाठवून ब्रेकर हाताने चालू करावे लागले.

पहिलं काम: डबा थेट इंटरनेटवर असेल तर आजच काढा. राउटरमध्ये केलेलं पोर्ट फॉरवर्डिंग, स्थिर आयपी असलेलं मोबाइल सिमकार्ड, दोन्ही यात आले. दुरून पोचायचं असेल तर व्हीपीएन (इंटरनेटवरचा सांकेतिक खाजगी रस्ता). 'पोर्ट क्रमांक बदलून ठेवलाय' ही सुरक्षा नव्हे.

दुसरं: मूळ पासवर्ड बदला. तो मॅन्युअलमध्ये छापलेला असतो, म्हणजे सगळ्या जगाला ठाऊक असतो. सोबत एसएनएमपीचा (दुरून देखरेख ठेवण्याच्या पद्धतीचा) 'पब्लिक' हा पासवर्डवजा शब्दही बदला किंवा एसएनएमपी बंदच करा. पण लक्षात घ्या, हा पासवर्ड सेटिंगच्या पानाचा आहे. माहितीच्या पोर्टला तो बहुधा लागू होत नाही. पासवर्ड अवघड ठेवून निर्धास्त झालेल्या माणसाचं माहितीचं पोर्ट सताड उघडं असतं.

तिसरं: नको ती दारं बंद. टेलनेट आणि साधं एचटीटीपी बंद करा, एचटीटीपीएस किंवा एसएसएच ठेवा. नेटवर्कवर डबा शोधून काढणाऱ्या सॉफ्टवेअरचे पोर्टही. मोक्सा कंपनीच्या एनपोर्टमध्ये ते यूडीपी ४८००, लँट्रोनिक्समध्ये यूडीपी ३०७१८. या दुसऱ्या पोर्टवरून काही जुनी मॉडेलं टेलनेटचा पासवर्ड उघड्या अक्षरांत सांगून टाकतात. म्हणून डबा बसवून झाला की हे पोर्ट निदान फायरवॉलवर तरी अडवा.

चौथं, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचं: डब्यातच आयपी गाळणी लावा. कागदावरचा शेवटचा रकाना इथे उतरवायचा. जोडण्यांची कमाल संख्या एक करा. दोन संगणकांना खरंच माहिती हवी असेल तर मॉडबस गेटवे मोड वापरा, तो प्रश्न रांगेत लावतो. लेखाच्या सुरुवातीचा आमचा मीटर या एका ओळीने वाचला असता.

पाचवं: सगळे डबे वेगळ्या व्हीलॅनमध्ये ठेवा आणि तिथे फक्त ठरलेले पत्ते, ठरलेले पोर्ट. मॉडबस समजणारी फायरवॉल असेल तर कार्य कोड १ ते ४, म्हणजे फक्त वाचन, तेवढेच सोडा. ५, ६, १५ आणि १६ हे लेखनाचे. मीटर वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला लिहिण्याचा अधिकार कशाला? उपकरणावर लेखन रोखणारा जंपर किंवा सेटिंग असेल तर तेही वापरा.

सहावं: माहिती सांकेतिक करा. नव्या डब्यांत टीएलएस (जोडणी सांकेतिक करणारी पद्धत) असतं. मॉडबसचा टीएलएस प्रकार ५०२ ऐवजी ८०२ पोर्टवर चालतो. डबा जुना असेल तर त्याच्या शेजारी छोटा लिनक्स संगणक बसवून सेर-टू-नेट (सिरियल पोर्ट नेटवर्कवर आणणारं) आणि एसटनेल (त्यावर टीएलएस चढवणारं) यांची जोडी लावता येते, किंवा व्हीपीएनचा राउटर. प्रमाणपत्रं वापरलीत तर डब्याचं घड्याळ एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवून) बरोबर ठेवा. वीज गेल्यावर १९७० सालात जाऊन बसलेला डबा प्रत्येक प्रमाणपत्राला 'अजून वैध नाही' म्हणून परत पाठवतो. आणि टीएलएस फक्त नेटवर्कच्या टप्प्यावर आहे. डब्यापासून उपकरणापर्यंतची वायर उघडीच. पेटीला खरंखुरं कुलूप लावा.

बंदोबस्त झाला की बाहेरून पोर्ट चाचणी करावी, पण जपून. एनमॅप या पोर्ट तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने सेवा ओळखायचा प्रयत्न केला की तो पोर्टवर निरनिराळे बाइट पाठवतो, आणि साध्या टीसीपी मोडमध्ये ते सगळे थेट यंत्रापर्यंत जातात. प्रिंटर कागदावर कचरा ओकतात म्हणून एनमॅप ९१०० हे पोर्ट या तपासणीतून मुळातच वगळतो. तुमच्या पीएलसीला (यंत्र चालवणाऱ्या नियंत्रकाला) असं कुणी वगळलेलं नाही. चालू यंत्रावर फक्त 'पोर्ट उघडा आहे का' एवढंच विचारा.

कन्सोल पोर्टची गोष्ट वेगळी

स्विच, राउटर, सर्व्हर यांचे कन्सोल पोर्ट नेटवर्कवर आणलेत तर एक खास धोका असतो. तुम्ही आत शिरलात, काम केलं आणि लॉगआउट न करता खिडकी बंद केली. टीसीपी जोडणी तुटली, पण सिरियल बाजूला राउटरला ते कळलंच नाही. पुढचा जो येईल त्याला पासवर्ड न विचारता तुमचंच सत्र मिळतं. जोडणी तुटली की डीटीआर संकेत ('मी जोडलेला आहे' सांगणारी पिन) खाली पडेल अशी सेटिंग करा आणि उपकरणाला तो संकेत मानायला लावा. शिवाय निष्क्रियतेचा टाइमआउट उपकरणावर ठेवा. सिस्कोवर तो मुळात १० मिनिटं असतो, पण पुष्कळदा कुणीतरी सोयीसाठी शून्य, म्हणजे बंद, केलेला असतो. तो परत आणा.

ब्रेक संकेताचंही (वायर काही क्षण एकाच पातळीवर धरून ठेवणं) भान ठेवा. सिस्को राउटर चालू होताना ब्रेक मिळाला की तो रॉममॉन या दुरुस्तीच्या मोडमध्ये जातो, जिथून पासवर्ड बदलता येतो. म्हणजे ज्याच्याकडे कन्सोल आणि वीजपुरवठ्याचा रिमोट स्विच दोन्ही आहेत, त्याच्याकडे राउटरच आहे. या दोन गोष्टींचे पासवर्ड एकच ठेवू नका.

बंदोबस्तानंतर काय मोडतं

फायरवॉल लावल्याच्या दुसऱ्या दिवशी फोन येणार, हे धरून चला. नेहमीची कारणं दोन. उत्पादकाचं शोधक सॉफ्टवेअर आता डबा 'सापडत नाही' म्हणतं, कारण त्याची हाक यूडीपी ब्रॉडकास्टने जाते आणि ब्रॉडकास्ट व्हीलॅनची वेस ओलांडत नाही. डबा ठीक आहे, पत्ता हाताने भरा. दुसरं, व्हर्च्युअल कॉमला एकच पोर्ट सोडलेला असतो. मोक्साच्या पहिल्या सिरियल पोर्टला माहितीसाठी ९५० आणि आज्ञांसाठी ९६६ असे दोन लागतात. डिजी कंपनीचा रिअलपोर्ट हा ड्रायव्हर ७७१ वर असतो. ड्रायव्हर दिसतो पण पोर्ट उघडत नाही, तर सुटलेला दुसरा क्रमांक शोधा.

फर्मवेअर अद्ययावत करण्याआधी सेटिंगची फाइल उतरवून घ्या, आणि अद्ययावत केल्यावर आयपी गाळणी व बंद केलेल्या सेवा पुन्हा तपासा. काही डबे मूळ सेटिंगवर परत जातात आणि टेलनेट गुपचूप उघडतात. त्याच मॉडेलचा एक जादा डबा कपाटात ठेवा. वर्षातून एकदा उतरवलेली फाइल त्यात चढवा, खऱ्या डब्याच्या जागी लावा आणि मीटरचं पहिलं उत्तर येईपर्यंत किती मिनिटं गेली ती त्याच कागदावर लिहा.